पाणी उपसणारी गो-कार्ट

आधीच सांगून ठेवतो, चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही फाइलवर ऑडिटवाल्यांना बोट ठेवता आलं नाही. एकाही. मी प्रफुल्ल रामटेके, केंद्र सरकारच्या खरेदी विभागातून अवर सचिव म्हणून रिटायर झालो. निरोप समारंभात डायरेक्टरसाहेब म्हणाले होते, 'रामटेकेजी ने आज तक कोई ग़लत चीज़ नहीं ख़रीदी।' त्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटलं, 'ख़रीदी ही कब?' लोक हसले. मीही हसलो, पण तो आवाज कोणाचा होता ते मला अजून पक्कं लक्षात आहे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझ्या मुलीला गो-कार्टसाठी इंजिन हवं होतं.

गो-कार्ट म्हणजे काय, हे गेल्या दिवाळीपर्यंत मला धड माहीत नव्हतं. वाकवून जोडलेले लोखंडी पाइप, चार बुटकी चाकं, जमिनीपासून चार बोटांवर एक सीट आणि शेजारी इंजिन. छप्पर नाही, दार नाही, स्प्रिंगा नाहीत. केळ्यांच्या हातगाडीलासुद्धा याहून जास्त सामान असतं. आमची समता गाझियाबादलाच मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं आणि तिच्या वर्गातल्या केतननं साहिबाबादच्या एका वर्कशॉपमध्ये स्वतः वेल्डिंग करून हा सांगाडा बनवला. दोन वर्षं आमच्या बाल्कनीत कपड्यांऐवजी पाइप वाळत होते. मी काही बोललो नाही. मी तसा मोकळ्या विचारांचा माणूस आहे.

तर ग्रेटर नोएडाच्या पलीकडे एका ट्रॅकवर फेब्रुवारीत शर्यती होणार होत्या. परवडणाऱ्या शर्यती, असं जाहिरातीतच लिहिलं होतं. म्हणजे महागडी टू-स्ट्रोक इंजिनं बंद, फक्त फोर-स्ट्रोक, तीही दोनशे सीसीपर्यंत. नवशिक्यांच्या गटात बावीस वर्षांखालचीच मुलं, आणि त्यातल्या पहिल्या तिघांना एक टीम वर्षभर आपली गाडी चालवायला देणार. समताला मार्चमध्ये बावीस पूर्ण होणार होती. म्हणजे तिच्यासाठी हीच एक वेळ. पुढच्या वर्षी ती या गटात बसणार नाही, आणि वरच्या गटात उतरायला आमच्या घराण्यात कोणी साखर कारखाना काढलेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं मला स्पर्धेचा फॉर्म दिला आणि सोबत स्वतः लिहिलेला एक कागद. फॉर्मच्या शेवटी पालकाच्या संमतीची जागा होती, नवशिक्यांच्या गटात सगळ्यांनाच ती सक्तीची. पालक म्हणजे अर्थातच मी. शेवटची तारीख एकतीस जानेवारी. मी कागदाची पहिली ओळ वाचली, 'विषय : गो-कार्टसाठी फोर-स्ट्रोक इंजिन', आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आजकालची पोरं आईबापांना मेसेजवर दोन अक्षरं टाकतात. माझ्या मुलीनं विषय लिहून अर्ज दिला होता.

मी लगेच कपाटातून नवी फाइल काढली. डावीकडे टिप्पण्या, उजवीकडे पत्रव्यवहार. समताचा कागद आणि फॉर्म उजवीकडे सगळ्यात खाली लावून वर 'विचाराधीन कागद' अशी चिठ्ठी चिकटवली. कौसल्या, म्हणजे माझी बायको, पहाडगंजच्या शाळेत गणित शिकवते. ती वह्या तपासता तपासता म्हणाली, "अहो, पूर्ण वाचा तरी."

मी तिला समजावलं की वाचायची एक वेळ असते. आधी फाइल उभी राहायला हवी. ती पुन्हा वह्यांकडे वळली. गणितवाल्यांना प्रक्रिया कळत नाही, त्यांना थेट उत्तर हवं असतं.

आता समतानं माझ्याकडेच का यावं? कारण लहानपणापासून जेवताना ती माझ्या ऑफिसच्या गोष्टी ऐकत आलीये. तिची सगळ्यात आवडती गोष्ट वॉटर कूलरची. आमच्या मजल्यावर बदलून आलेल्या एका साहेबांनी आल्याआल्या बारा वॉटर कूलर घ्या म्हणून फर्मान काढलं. उघड नाही म्हणायची सोय नव्हती. मी काय केलं? मी म्हटलं, बिल्कुल सर, फक्त तुलनात्मक तक्ता तयार करतो. पाच कंपन्यांची माहिती मागवली, मग त्या माहितीवर खुलासा मागवला, मग खुलाशावर समिती नेमली. दीड वर्षानं साहेबांची बदली झाली, तक्ता चालूच होता. हे ऐकून सात वर्षांची समता इतकी हसायची की भात नाकात जायचा. 'बाबा, परत सांगा,' म्हणायची. मी परत सांगायचो.

समिती तिघांची केली. अध्यक्ष मी. वित्त सदस्य आमच्याच सोसायटीतले विश्वनाथराव, हिशेब खात्यातून रिटायर झालेले, शंका घेण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या अख्ख्या वैशाली वसाहतीत कोणी नाही. तांत्रिक सदस्य सुनीतीताई, एका सरकारी प्रयोगशाळेत आयुष्यभर मोजमापं करत होत्या. आजही भाजीवाल्यानं गाजरं तोलली की त्या वजनं उलटी करून बघतात. दर रविवारी सकाळी अकराला आमच्याकडे बैठक, सोबत कौसल्याचे पोहे. समताला बैठकीला बोलवायचा प्रश्नच नव्हता, अर्जदार समितीत बसत नसतो.

पहिल्या बैठकीत मी चार पर्याय मांडले. एक, पाण्याच्या पंपावर किंवा जनरेटरवर असतं ते जपानी कंपनीचं एकशेशहाण्णव सीसीचं इंजिन. दोन, त्याची हुबेहूब चिनी नक्कल. तीन, दीडशे सीसीच्या मोटारसायकलचं जुनं इंजिन, ताकद दुप्पट पण गिअर आणि वजनही आलं. चार, स्कूटरचं पट्ट्यावर चालणारं इंजिन. यात थोडा अभ्यास माझाही होता. तीन दिवस मी बाजारात फोन करत होतो.

विश्वनाथरावांनी विचारलं, यातलं चांगलं कोणतं. मी म्हणालो, तसं विचारायचं नसतं. आधी चांगलं म्हणजे काय ते कागदावर ठरवायचं. त्यालाच स्पेसिफिकेशन म्हणतात. आणि स्पेसिफिकेशन कोऱ्या कागदावर कधी लिहू नये, हा माझा चौतीस वर्षांचा नियम. जे एकदा मंजूर झालंय तेच घ्यावं, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर आपलं नाव येत नाही. सुदैवानं माझ्याकडे पूरग्रस्त भागासाठी मागवलेल्या पंपसेटच्या मसुद्याची प्रत होती. पंपसेटचं इंजिन फोर-स्ट्रोकच असतं, सीसीही जवळपास तेच. मी फक्त 'पंपसेट' शब्द खोडून तिथं 'गो-कार्ट' केलं.

तुम्ही हसाल, पण मसुदा सुरेख होता. गो-कार्ट सलग आठ तास एका जागी चालावी. गो-कार्ट दोन मजुरांना दांडे धरून उचलता यावी. इंजिनाचा वेग ठरवणारा गव्हर्नर अशा जागी असावा की अनधिकृत व्यक्तीचा हात पोचू नये. आणि कलम अकरा : गो-कार्टनं सात मीटर खोलीवरून पाणी ओढावं.

सुनीतीताईंनी चष्मा वर केला आणि विचारलं की गो-कार्ट पाणी कशाला ओढेल. यावर विश्वनाथराव म्हणाले, कलम आहे म्हणजे काहीतरी कारण असणार, आपण काढलं आणि उद्या गरज पडली तर जबाबदार कोण? मला हे पटलं. एकदा मंजूर झालेलं कलम काढायचं तर त्यासाठी वेगळी टिप्पणी लिहावी लागते. कलम ठेवायला काहीच लागत नाही. सुनीतीताई म्हणाल्या, ठीक आहे, पण मोजणार मी. असं ठरलं.

मी चौघा दुकानदारांना पत्रं धाडली. मायापुरीत जुनी इंजिनं विकणाऱ्यानं फोन करून विचारलं, 'साहब, गाड़ी दौड़ानी है या बोरवेल लगाना है?' मी त्याला सांगितलं की जे काही म्हणायचं ते लेखी म्हणा. त्यानं लेखी काही म्हटलं नाही. स्कूटरवाल्यानं उत्तरच दिलं नाही. जपानी कंपनीच्या डीलरनं छापील माहितीपत्रक पाठवलं, त्यात कलम अकराचा उल्लेख नव्हता, म्हणून खुलासा मागवला. फक्त जी. टी. रोडवरच्या बन्सलजींनी, जे चिनी नक्कल विकतात, सगळ्या कलमांसमोर 'जी हाँ' लिहून शिक्का मारून पाठवलं. कलम अकरासमोर त्यांनी लिहिलं होतं, सात नाही, आठ मीटर. काय माणूस आहे, मी मनात म्हटलं.

पण एकाच दुकानदाराचं उत्तर पूर्ण असेल तर ते मान्य करता येत नाही, स्पर्धा झाली असं दिसत नाही. मग पुन्हा पत्रं. तेवढ्यात नोव्हेंबरची धुरकट हवा आली, शाळा बंद, डिझेलवर बंदी. आपलं इंजिन पेट्रोलचं असलं तरी पेट्रोलवर काय निघेल कोणी सांगावं, म्हणून मी दोन बैठका पुढे ढकलल्या. समता दर रविवारी संध्याकाळी यायची आणि विचारायची, बाबा, सही? मी म्हणायचो, प्रक्रियेत आहे. पहिले तीन-चार रविवार ती थोडी हसायची. नंतर नुसतं विचारायची. डिसेंबरअखेर तिनं विचारणंच बंद केलं, आणि मला वाटलं, चला, पोरगी धीर धरायला शिकली.

जानेवारीत सुनीतीताईंनी हट्ट धरला की कागदावरच्या 'जी हाँ' ला काही अर्थ नाही, प्रत्यक्ष चाचणी हवी. मी चौघांनाही बोलावलं. दिवस ठरला सव्वीस जानेवारी, रविवारच होता, झेंडावंदनानंतर सोसायटीच्या बागेत. अपेक्षेप्रमाणे एकटे बन्सलजी आले. ई-रिक्षातून इंजिन, त्याला जोडलेला पंप, तीस फूट लांब जाड पाइप आणि दोनशे लिटरचा निळा ड्रम घेऊन आले. इंजिन खाली उतरवून त्यांनी दोरी ओढली, एका झटक्यात सुरू. सोसायटीची मुलं लाडू खात गोळा झाली. सेक्रेटरींनी सात मीटर खोल म्हणून खालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून दिलं. टाकी तीन मीटरचीच निघाली, पण सुनीतीताईंनी तशी नोंद करून घेतली आणि स्टॉपवॉच दाबलं. ड्रम सत्तेचाळीस सेकंदांत भरला. पुन्हा रिकामा केला, पुन्हा भरला. शेहेचाळीस. विश्वनाथराव म्हणाले, सरासरी काढायला तिसरी फेरी हवी. तिसऱ्यांदाही सत्तेचाळीस. खरं सांगतो, इतकी स्वच्छ चाचणी मी नोकरीतही बघितली नव्हती.

तेवढ्यात गेटमधून समता आली. हातात हेल्मेट, कोपरापर्यंत ग्रीस. ती त्या दिवसांत कोणाची तरी जुनी कार्ट मागून सराव करत होती. ती ड्रमपाशी येऊन उभी राहिली. ड्रमकडे बघितलं, पाइपकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फाइलकडे.

"बाबा, हे काय चाललंय?"

"ट्रायल," मी म्हणालो. "दोनशे लिटर, सरासरी सत्तेचाळीस सेकंदांच्या आत. सुनीतीताईंनी तीनदा मोजलं."

मला वाटलं होतं, ती हसेल. लहानपणी हसायची तशी. ती हसली नाही. तिनं हेल्मेट गवतावर ठेवलं आणि अगदी हळू बोलली. आजूबाजूला इतके लोक होते, पण ती फक्त माझ्याशी बोलत होती.

"मला सरळ नाही म्हणा ना, बाबा. वॉटर कूलरसारखं करू नका."

"नाही कोणी म्हटलं?" मी तापलो. "तीन महिने झाले, तुझ्याचसाठी राबतोय. शंभरावर पानं झालीत फाइलची."

"त्या साहेबांची बदली झाली होती," ती म्हणाली. "मी मार्चमध्ये बावीसची होतेय."

आणि हेल्मेट उचलून घरात गेली. बन्सलजींनी विचारलं, साहेब, आणखी एकदा भरू का. मी म्हणालो, बस झालं. तो पंप नंतर आमच्या सोसायटीनं बेसमेंटमधलं पाणी काढायला घेतला. उत्तम चालतो. ज्यांना माझ्या कामात खोट काढायची आहे त्यांनी निदान एवढं तरी मान्य करावं.

चार दिवस मी धुमसत होतो. कौसल्यालाही सांगितलं, की जिच्यासाठी करावं तिनंच असं तोंडावर बोलावं, ते पण बाहेरच्यांसमोर. कौसल्या म्हणाली, बोलली ते खोटं होतं का एवढंच बघा. मी म्हणालो, साफ खोटं. ती डबा भरून शाळेत गेली. तिचं हे न बोलणं मला तीस वर्षांपासून झोंबत आलंय.

एकतीस जानेवारीला शुक्रवार होता. घरात मी एकटाच. म्हटलं, आज अखेरची टिप्पणी लिहून टाकू, म्हणजे आपली बाजू कागदावर राहील. पेन उघडलं. 'उपरोक्त चाचणी लक्षात घेता' एवढं लिहिलं आणि पुढे सुचेना. माझ्या हातून असं कधी होत नाही. 'उपरोक्त' लिहिलं की पुढचं आपोआप येतं.

आता जे सांगतो ते त्या फाइलमध्ये कुठेही नाही. फॉर्म दिला त्याच्या आदल्या दिवशी समतानं मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला होता. ती वळण घेतीये आणि कार्टचं आतल्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलंय. ती मोठ्या उत्साहात समजावत होती, की कार्टला दोन्ही मागच्या चाकांना एकच दांडा असतो, म्हणून वळताना आतलं चाक उचलावंच लागतं, ते उचललं नाही तर गाडी वळतच नाही, ज्याला हे साधलं त्याला कार्ट चालवता आली. मी हो हो करत होतो. चहाचा कप मी न पिताच खाली ठेवला होता. तेवढ्याशा पत्र्याच्या गाडीत, जमिनीला टेकलेली माझी पोर, आणि एक चाक हवेत. दुसऱ्या दिवशी मी फाइल उघडली. समताचं बोलणं खोटं नव्हतं. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला जे एकच येतं ते मी करत बसलो होतो. वाईट एवढ्याचंच वाटलं की हे तिला कळलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

मी स्वेटर चढवला, फाइल बगलेत मारली आणि टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाला म्हणाला, ट्रॅक फार लांब आहे, रस्त्यात जाम लागेल. मी म्हणालो, चलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला खुलासा न विचारता चलो म्हटलं असेन.

पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. नोंदणी पाचला बंद. ट्रॅकच्या कडेला पत्र्याची खोली, त्यात एक बाई कॉम्प्युटरपुढे बसलेल्या, बाहेर इंजिनांचा असा कर्कश आवाज की कानाला दडे बसावेत. मी फाइलमधून फॉर्म सोडवला, पेन काढलं आणि सही करायला गेलो. सहीच्या वर एक चौकोन होता. 'इंजिनचं नाव'. तो रिकामा होता.

मी त्या चौकोनाकडे बघत उभा राहिलो. शंभरावर पानं, चार इंजिनं, अकरा कलमं, तीन महिने रविवारचे पोहे. आणि माझ्या मुलीला यातलं कोणतं इंजिन हवंय, हे मला माहीत नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं. समितीतल्या कोणीही विचारलं नव्हतं. दुकानदाराला विचारलं, डीलरला विचारलं, मायापुरीच्या भंगारवाल्याला लेखी विचारलं. जी ते चालवणार, तिच्यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता.

फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, 'सर, बीस मिनट हैं।' मी फाइल काउंटरवर उलटी केली आणि खालून उघडली. माझीच चिठ्ठी, 'विचाराधीन कागद'. विचार म्हणून काही झालाच नव्हता. मी उभ्या उभ्या तो वाचायला लागलो.

एकच पान होतं. तिनं चारही इंजिनांचा विचार केला होता, माझ्या पहिल्या बैठकीच्याही आधी. मोटारसायकलचं ताकदवान आहे, पण त्याला थंड व्हायला समोरून वारा लागतो, सीटच्या आडोशाला तो मिळत नाही, आणि वजनानं वळणावर मागचा भाग ओढला जातो. स्कूटरचं चालवायला सोपं, पण वळणातून बाहेर पडताना पट्टा क्षणभर मागे राहतो, आणि या ट्रॅकवर अकरा वळणं आहेत. जपानी सगळ्यात भरवशाचं, पण आपल्या आवाक्याबाहेर. चिनी नक्कल खडबडीत आहे, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कच्च्या आहेत, पण ती मी स्वतः उघडून नीट करू शकते, सुटे भाग जी. टी. रोडवर कुठेही मिळतात. तिथंच खाली लिहिलं होतं : 'नवशिक्यांपैकी बहुतेकांकडे हेच इंजिन असेल आणि गव्हर्नरला आयोजकांचं सील असेल. म्हणजे हरले तर इंजिनामुळे हरले असं मला म्हणता येणार नाही. मला तसंच हवंय.'

आणि शेवटची ओळ : 'बाबा, इंजिन मी निवडलंय. पैसे माझ्या इंटर्नशिपचे आहेत. तुमच्याकडून फक्त सही हवीये.'

बन्सलजींचं इंजिन. जे माझ्या बागेत तीनदा ड्रम भरत होतं. तिनं तेच दिवाळीत एका पानात निवडलं होतं.

डोळे पुसायचे तर चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा काढला तर चौकोन दिसत नाही. कसंबसं मी इंजिनचं नाव लिहिलं, पालकाच्या जागी सही केली, खाली तारीख टाकली आणि फॉर्म पुढे सरकवला. बाईंनी नाव वाचलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग माझ्याकडे.

'समता रामटेके? इनका तो हो चुका है, सर। सत्ताईस को।'

त्यांनी ट्रेमधून दुसरा फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. तोच फॉर्म, वेबसाइटवरून काढलेला. इंजिनच्या चौकोनात समताच्या अक्षरात तेच नाव. आणि पालकाच्या जागी, शाळेतल्या प्रगतिपुस्तकांवर करते तशी स्वच्छ, जोडाक्षरं न मोडणारी सही : कौसल्या प्रफुल्ल रामटेके. सत्तावीस म्हणजे सोमवार. ड्रमच्या दुसऱ्या दिवशी. शाळेतून अर्धी रजा घेऊन ती एवढ्या लांब आली असणार, आणि घरी येऊन तिनं मला पोळी वाढली होती.

पालक म्हणजे अर्थातच मी, असं फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी पुन्हा नीट वाचलं. आई-वडिलांपैकी कोणीही एक.

मी माझा फॉर्म परत घेतला, घडी घातली. आता जायचं, दुसरं काय. तेवढ्यात बाईंनी कौसल्याच्या फॉर्मवर बोट ठेवलं. खाली एक ओळ मोकळी होती. साक्षीदार.

'मैडम कह गई थीं कि गवाह की जगह ख़ाली रखना, इकतीस तक शायद कोई आ जाए। नहीं आता तो हममें से कोई कर देता।'

मी विचारलं, 'कोई मतलब कौन?'

त्या म्हणाल्या, नाव नाही सांगितलं, फक्त एवढं म्हणाल्या की बगलेत फाइल असेल.

मी सही केली. साक्षीदार, प्रफुल्ल रामटेके. वर कोणाची टिप्पणी नव्हती, खाली कोणाची मंजुरी लागणार नव्हती. सही थोडी वाकडी आली. बाईंनी शिक्का मारला आणि पाच वाजायच्या आत तो फॉर्म ट्रेमध्ये गेला.

बाहेर जाळीपाशी येऊन उभा राहिलो. सहा-सात कार्ट फिरत होत्या, सगळ्यांची हेल्मेटं सारखी, पोर ओळखायची कशी. मग कोपरापर्यंत ग्रीस लागलेली दिसली. म्हणून फोन उचलत नव्हती. लांबच्या सरळ रस्त्यावरून ती सुसाट आली, ब्रेक मारला, वळायला लागली, आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मी जाळी घट्ट धरली. चाक हवेत होतं, मग खाली टेकलं, आणि ती निघून गेली. पुढच्या फेरीत पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या फेरीत मी चाक उचललं जायची वाट बघत होतो.

मागून बाई हाक मारत होत्या, काउंटरवर फाइल राहिलीये म्हणून. मी हात करून सांगितलं, राहू द्या. समता पुन्हा वळणावर येत होती.